मराठी शिकवणारा टेलिग्राम ग्रुप: डिस्कॉर्ड, इन्स्टाग्राम सुरू करावं का?

शब्दवेल

नमस्कार मंडळी. अमराठी लोकांना मराठी शिकायला मदत करणारा एक टेलिग्राम ग्रुप आम्ही चौघं मिळून चालवतो. सदस्य आठशेच्या आसपास. पुण्या-मुंबईत नोकरीसाठी आलेले, मराठी घरात लग्न करून आलेले, आणि अमेरिका-इंग्लंडमध्ये वाढलेली मराठी घरांतली मुलं, असा साधारण मेळा आहे. पैसे कोणी घेत नाही. रोज एक वाक्य देतो, आठवड्याला एक प्रश्नमंजूषा असते, आणि सदस्य व्हॉइस नोट पाठवतात त्यांची आम्ही दुरुस्ती करतो.

आता तरुण सदस्य म्हणतात डिस्कॉर्ड सर्व्हर (म्हणजे डिस्कॉर्डवरचा ग्रुप) काढा, तिथे बोलण्याचा सराव करता येईल. काही जण म्हणतात इन्स्टाग्रामवर या, नवे लोक तिथेच भेटतात. एकाने व्हॉट्सअ‍ॅप चॅनल सुचवलंय. सगळीकडे एकदम उड्या मारायची आमची ताकद नाही, पण मागे राहावं असंही वाटत नाही. हे कसं ठरवावं? आणि नवीन जागा घेतली तर जुनं साहित्य सोबत कसं न्यावं? ज्यांनी असे समूह चालवले आहेत त्यांनी नेमकं सांगावं, ही विनंती.

खडूफळा

तुमच्या ग्रुपमधली मौल्यवान गोष्ट म्हणजे दुरुस्ती. रोजचं वाक्य शंभर ठिकाणी मिळतं. पण 'मी भाजी आणला' असं कोणी पाठवलं आणि तासाभरात 'मी भाजी आणली. भूतकाळात क्रियापद भाजीच्या लिंगाप्रमाणे चालतं' असं कोणी लिहून, बोलून दाखवलं, तर माणूस शिकतो. म्हणून प्रत्येक नव्या चॅनलला एकच कसोटी लावा: चूक दाखवणं, तिला उत्तर देणं आणि ते उत्तर पुढच्या माणसाला सापडणं, या तिन्ही गोष्टी तिथे होतात का?

त्या कसोटीवर व्हॉट्सअ‍ॅप चॅनल लगेच बाद होतं. ती एकतर्फी पाटी आहे. वाचणारा इमोजी देऊ शकतो, स्वतःचं वाक्य पाठवू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य मावतात, पण प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये, त्यातही नुकत्या या शहरात आलेल्या मुलींसाठी, ही लहान गोष्ट नाही. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, नव्या सदस्याला जुने संदेश वाचायला मिळतात आणि ग्रुपमध्ये 'टॉपिक्स' चालू करून विषयांचे कप्पे करता येतात. 'उच्चार', 'व्याकरण', 'ऑफिसातली मराठी', 'आजचं वाक्य' एवढे चार कप्पे केले तरी निम्मा गोंधळ मिटतो. ही सोय २०२२ पासून आहे, तरी बरेच अ‍ॅडमिन ती चालू करत नाहीत आणि नवीन अ‍ॅप शोधत बसतात.

बोलण्याच्या सरावाचंही तेच. टेलिग्राम ग्रुपमध्ये व्हॉइस चॅट आहे. त्याची वेळ आधी जाहीर करता येते, हात वर करता येतो, रेकॉर्डिंग होतं. मागणी खरी आहे की उत्साहाच्या भरात आलेली, हे तिथे तीन-चार शनिवार घेऊन पाहा. लोक आले आणि जागा अपुरी पडली तर डिस्कॉर्डचा विचार करा.

शनिवार म्हटलं म्हणून वेळेचंही सांगतो. भारतात रात्री साडेआठ ठेवलं तर उन्हाळ्यात लंडनला दुपारचे चार, न्यू जर्सीत सकाळचे अकरा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे आठ वाजलेले असतात. थंडीत तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे कॅलिफोर्नियात सकाळचे सात. शिवाय अमेरिका आणि ब्रिटन यांची घड्याळं एकाच आठवड्यात बदलत नाहीत. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा हमखास कोणीतरी तासभर आधी किंवा उशिरा येतं. त्या काळात सूचनेत तिन्ही ठिकाणच्या वेळा स्पष्ट लिहा.

आणखी एक. कुठलंही चॅनल घ्या, ते भाड्याचं घर आहे. लाइव्हमोका या भाषा शिकण्याच्या साइटवर लोक एकमेकांचं लेखन आणि उच्चार तपासत असत. २०१३ मध्ये ती रोझेटा स्टोनने विकत घेतली आणि २०१६ मध्ये बंद झाली. लँग-८ तर फक्त परस्पर दुरुस्तीवर उभी होती, तिने २०१७ मध्ये नवी नोंदणी थांबवली. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात गेले. ड्युओलिंगोने २०२२ च्या मार्चमध्ये आपली चर्चापीठं बंद केली. वाक्यावाक्याखाली स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं लिहिलेली स्पष्टीकरणं होती, त्यांत नवी भर पडणं थांबलं. आपल्याकडे कू हे ट्विटरसारखं अ‍ॅप २०२४ मध्ये बंद पडलं. टिकटॉक भारतात जून २०२०च्या अखेरीस बंद झालं आणि त्यावर शिकवणाऱ्यांचे श्रोते एका रात्रीत गेले. स्लॅक या ऑफिसातल्या गप्पांच्या अ‍ॅपच्या फुकट योजनेत २०२२ पासून फक्त ९० दिवसांचे संदेश दिसतात, आणि २०२४ पासून वर्षाहून जुनं साहित्य पुसलंच जातं. फेसबुक लाइव्हवर तास घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, २०२५ पासून लाइव्ह व्हिडिओ तिथे ३० दिवसच राहतो.

तेव्हा कुठे जायचं हे ठरण्याआधी दुरुस्त्यांची एक वही तुमच्या हातात हवी. साधी गूगल शीट पुरे. सहा रकाने करा: मूळ वाक्य, दुरुस्त वाक्य, एका ओळीत कारण, विषय, आवाजाच्या फाइलची लिंक, तारीख. शिकणाऱ्याचं नाव लिहू नका. महिन्यातून एकदा ती सीएसव्ही (साध्या मजकुराचा तक्ता) स्वरूपात उतरवून घ्या. त्याच फाइलवरून अँकी या पाठांतराच्या अ‍ॅपसाठी कार्डांचा संच तयार होतो.

तिठा

खडूफळा यांच्याशी बहुतांशी सहमत, पण डिस्कॉर्डला थोडा न्याय द्यायला हवा. टेलिग्रामवर एका ग्रुपमध्ये एका वेळी एकच व्हॉइस चॅट चालतं. आठशेतले वीस जण आले तर एक बोलतो आणि एकोणीस ऐकतात, हा सराव नव्हे. डिस्कॉर्डवर चार खोल्या एकाच वेळी उघड्या राहतात, कोण कुठे बसलंय ते दिसतं, आणि माणूस न सांगता डोकावून जाऊ शकतो. लाजऱ्या माणसाला याचा फार उपयोग होतो. एका खोलीत चार-पाच शिकणारे आणि एक सराईत बोलणारा, पंचवीस मिनिटं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चारेक मिनिटं बोलणं येतं. अडचण सराईत बोलणाऱ्यांची असते, शिकणाऱ्यांची नाही. चार खोल्या हव्या असतील तर दर शनिवारी चार मराठी माणसं कबूल झालेली हवीत. ती नसतील तर सर्व्हर काढू नका.

काढलाच तर असा मांडा. सेटिंगमध्ये 'कम्युनिटी' चालू करा आणि नियम वाचून मान्य केल्याशिवाय लिहिता-बोलता येणार नाही अशी अट घाला. पडताळणीची पातळी मध्यम ठेवा. सुरुवातीला पाच चॅनल पुरतात: नियम व ओळख, सूचना, प्रश्न, दुरुस्ती, आणि बोलण्याची एक खोली. बहुतेक सर्व्हर मरतात ते पहिल्याच दिवशी पंचवीस चॅनल उघडल्यामुळे. नवा माणूस पाच दारं उघडतो, पाचही ओस दिसतात, तो परत येत नाही. एखादी खोली सलग दोन आठवडे भरली की मगच दुसरी उघडा.

'प्रश्न' हे चॅनल 'फोरम' प्रकारचं करा. तिथे प्रत्येक प्रश्नाला शीर्षक द्यावं लागतं आणि टॅग लावता येतो. टॅग वीसपर्यंत करता येतात, पण सात-आठच ठेवा: लिंग, विभक्ती, काळ, उच्चार, बोली, शिष्टाचार, देवनागरी. शीर्षकात 'मदत हवी' असं लिहू देऊ नका. 'ने आणि नी कधी वापरायचं' असं लिहायला लावा. शेवटचा संदेश येऊन काही दिवस गेले की पोस्ट यादीतून खाली सरकते, म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा एक धागा पिन करून ठेवा.

आवाजाविषयी. व्हॉइस मेसेज मोबाइल अ‍ॅपवरून पाठवता येतो. फुकट खात्यावर एका फाइलची मर्यादा १० एमबी आहे. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये त्यात साधारण दहा मिनिटं बसतात. बोलण्यासाठी ६४ केबीपीएस मोनो पुरेसं असतं, मग वीस मिनिटं बसतात. उच्चार शिकवताना नॉइज सप्रेशन बंद करायला सांगा. ती सोय पंख्याचा आवाज कापते, तसे शब्दाच्या टोकाचे हलके आवाजही कापते, आणि मग शिकणाऱ्याने 'हात' म्हटलं की 'हाथ' हे कळत नाही. मराठीत आवाजाला पर्याय नाही हे वेगळं सांगायला नको: 'चाक' आणि 'चार' यांतला 'च' लिहिताना सारखा, बोलताना वेगळा. ज्या चॅनलवर आवाजाला आवाजाने उत्तर देता येत नाही तिथे हा धडा होणारच नाही.

डिस्कॉर्डचा मोठा दोष असा की आतलं काही गूगलला सापडत नाही. मायबोलीसारख्या १९९६ पासूनच्या संकेतस्थळावरची जुनी चर्चा आजही शोधून वाचता येते, डिस्कॉर्डवरची कालची चर्चा बाहेरच्याला दिसत नाही. म्हणून वर सांगितलेली वही डिस्कॉर्डवर दुप्पट गरजेची.

टेलिग्राम आणि डिस्कॉर्ड बॉटने जोडून दोन्हीकडे एकच गप्पा चालवायचा मोह होईल. मॅटरब्रिजसारखी साधनं त्यासाठी आहेतही. पण कोणत्या व्हॉइस नोटला उत्तर आहे हे हरवू शकतं, आणि दुरुस्ती चुकीच्या वाक्याखाली जाऊन बसते. फक्त सूचना एका बाजूने दुसरीकडे जाऊ द्या.

रानवाट

इन्स्टाग्रामबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. वरची कसोटी दुरुस्तीच्या जागेसाठी बरोबर आहे, पण दाराशी पाटी लावण्याच्या जागेला ती लावू नका. टेलिग्राम ग्रुप आपोआप कोणाला सापडत नाही. हिंजवडीत नव्याने आलेला मुलगा 'मराठी शिका' असं टेलिग्रामवर शोधत बसत नाही, त्याच्यासमोर रील येते. इन्स्टाग्राम तेवढ्याच कामासाठी वापरा.

त्यासाठी आठवड्याला दोन रील पुरतात. एका रीलमध्ये एकच प्रसंग: रिक्षावाल्याला 'इथे थांबवा' म्हणणं, भाजीवालीला 'पाव किलो द्या', शेजारच्या काकूंना 'येते हं'. तीस ते चाळीस सेकंद. पडद्यावर देवनागरी मोठ्या अक्षरात, खाली रोमन लिपीत उच्चार, आणि वाक्य दोनदा: एकदा सावकाश, एकदा रस्त्यावर जसं बोलतात तसं. मजकुरात टाकलेली लिंक दाबता येत नाही, म्हणून ग्रुपची लिंक बायोमध्ये द्या आणि रीलमध्ये तसं सांगा. अक्षरं अगदी खाली ठेवू नका, तिथे इन्स्टाग्रामची स्वतःची बटणं आणि मजकूर येतो आणि मात्रा-वेलांट्या झाकल्या जातात. व्हिडिओ बनवायच्या काही अ‍ॅपमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात, 'प्र'चं 'प्‌र' होतं. सोडण्याआधी फोनवर एकदा नीट वाचून पाहा. मराठी शिकवणाऱ्या रीलमध्ये फुटलेली अक्षरं दिसणं फार वाईट.

टिप्पण्या सांभाळणं हे खरं काम आहे. मराठी शिकण्याच्या रीलखाली दोन भांडणं ठरलेली. पहिलं: 'हे पुणेरी झालं, आमच्याकडे असं बोलत नाहीत.' हे भांडण चांगल्या वळणाला नेता येतं. वऱ्हाडात, कोल्हापुरात, मालवणात काय म्हणतात ते विचारा, उत्तरं वहीत घ्या. दुसरं भांडण भाषेच्या राजकारणाचं, आणि त्यात जो बिचारा शिकायला आला आहे त्याच्याच उच्चारांवर लोक तुटून पडतात. त्याची गय करू नका. सेटिंगमधल्या 'हिडन वर्ड्स'च्या यादीत ठरावीक शिव्या आणि टोमणे देवनागरी व रोमन दोन्ही लिपींत टाका, कारण निम्म्या टिप्पण्या रोमनमध्ये येतात, आणि एकाच शब्दाची दोन-तीन स्पेलिंगं टाका. शिकणाऱ्याचा चेहरा किंवा आवाज रीलमध्ये कधीही वापरू नका, संमती दिली तरी. ती देताना त्याला खालच्या टिप्पण्यांचा अंदाज नसतो.

पाटीपेन्सिल

मुलांचा मुद्दा राहिला. शब्दवेल यांनी परदेशात वाढलेल्या मुलांचा उल्लेख केलाय. डिस्कॉर्ड आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे किमान वय १३ आहे, काही देशांत जास्त. भारतात २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. तुमचा ग्रुप नोंदणीकृत संस्था नसला तरी हीच रेघ पाळावी असं माझं ठाम मत आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा. १८ खालच्यांना मोठ्यांच्या बोलण्याच्या खोल्यांत घेऊ नका. मुलांचा तास हवा असेल तर तो पालकांच्या खात्यावरून, पालक शेजारी बसलेले, दोन मॉडरेटर हजर, आणि रेकॉर्डिंग नाही. सर्व्हरवरून थेट खासगी संदेश पाठवण्याची सोय सदस्यांनी बंद कशी करायची, हे नियमांच्या पहिल्या संदेशात लिहा. 'बोलण्याचा सराव करू या' म्हणत मुलींना खासगी संदेश टाकणारे लोक प्रत्येक भाषा-समूहात येतात. तक्रार कोणाकडे करायची त्या दोघांची नावं लिहून ठेवा, आणि त्यांत एक बाई असावी. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, मुलांना आधी तिकडे पाठवलेलं उत्तम.

टेलिग्रामवरही एक काम आजच करा: ग्रुपची लिंक 'मंजुरीनंतरच प्रवेश' अशी करा. घरबसल्या कमाई आणि क्रिप्टोच्या जाहिराती टाकणारी खाती उघड्या लिंकवरूनच शिरतात. मंजुरीआधी एकच प्रश्न विचारा: 'मराठी कशासाठी शिकताय?' माणूस दोन ओळी लिहितो, बॉट गप्प राहतो.

शब्दवेल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं तपशीलवार मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्यात आता असं ठरतंय: टेलिग्राम राहणार, तिथे टॉपिक्स आणि शनिवारचं व्हॉइस चॅट आधी. रानवाट म्हणतात तसं इन्स्टाग्राम फक्त पाटी म्हणून. डिस्कॉर्ड नंतर, सहा आठवड्यांचा प्रयोग म्हणून. दोन शंका उरल्या. टेलिग्रामवरच्या जुन्या दुरुस्त्या वहीत आणायच्या कशा? आणि प्रयोग जमला की फसला हे कशावरून ठरवायचं?

खडूफळा

जुनं साहित्य उतरवायला टेलिग्रामचं संगणकावरचं डेस्कटॉप अ‍ॅप लागेल, मोबाइलवर ती सोय नाही. ग्रुप उघडून वरच्या तीन ठिपक्यांत 'एक्स्पोर्ट चॅट हिस्टरी' आहे. व्हॉइस मेसेजवर खूण करा, फाइलच्या आकाराची मर्यादा वाढवा (नाहीतर मोठ्या फाइली गुपचूप वगळल्या जातात) आणि दोनदा उतरवा: वाचण्यासाठी एचटीएमएल, शीट भरण्यासाठी जेसन. व्हॉइस नोट ओजीजी स्वरूपात येतील. काही फोनवर त्या वाजत नाहीत, ऑडॅसिटीत एमपी३ करून ठेवा. सगळं वहीत भरायच्या नादी लागू नका, महिने जातील. चौघांनी मिळून ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात अशा शंभर निवडा. त्यातच लिंग, 'ने' आणि 'ला', आणि 'आपण'चे दोन अर्थ हे सगळं येऊन जाईल.

शीट भरताना एक जागा हमखास दगा देते. 'दुसऱ्या', 'ऱ्हास' यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक लिहिलं तर दुसरं सापडत नाही. शीटमध्ये 'शोधा आणि बदला' वापरून सगळीकडे पहिली तऱ्हा करून घ्या, आणि वेगवेगळे कीबोर्ड वापरणाऱ्या चौघांनी हे दर महिन्याला करा.

उच्चारांच्या फाइली लोकांनी खुशीने द्यायच्या ठरवल्या तर लिंग्वा लिब्रे हे उच्चार ध्वनिमुद्रित करायचं साधन वापरा. त्यातून ध्वनिफिती थेट विकिमीडिया कॉमन्स या खुल्या साठ्यावर जातात आणि विक्शनरी या शब्दकोशातही वापरता येतात. वाक्यांसाठी टाटोएबा हा खुला वाक्यसंग्रह आहे, तिथे मराठी चालते. दोन्हीकडे खुला परवाना असतो, म्हणजे दिलेलं परत घेता येत नाही. हे देणाऱ्याला आधी सांगा. आणि तिथे शिकणाऱ्यांचा नव्हे, मराठी मातृभाषा असणाऱ्यांचाच आवाज द्या.

प्रयोगाचं मोजमाप. फॉलोअर आणि सदस्यसंख्या पाहूच नका. दर रविवारी तीन आकडे लिहा: आठवड्यात किती प्रश्न आले, त्यांतले किती २४ तासांत सुटले, आणि किती वेगवेगळ्या माणसांनी तोंड उघडलं किंवा वाक्य लिहिलं. तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. सहाव्या आठवड्यात डिस्कॉर्डवर बोलणारे लोक टेलिग्रामवरचेच पंधरा असतील तर नवी जागा काही देत नाही, फक्त मॉडरेटरचं काम दुप्पट करते. टेलिग्रामवर न बोलणारे तिथे बोलू लागले असतील तर ठेवा. दोन्हीकडे लक्ष देताना टेलिग्रामवरची उत्तरं उशिरा येऊ लागली असतील, तर बाकी आकडे कितीही छान असोत, बंद करा. बंद करायची तारीख सुरुवातीलाच जाहीर केलेली असली की कोणाला वाईट वाटत नाही. शेवटचे दोन आठवडे फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवा आणि उपयोगी धागे वहीत हलवा.

मालकीचं काम आधी उरका. प्रत्येक चॅनलचं खातं एका व्यक्तीच्या नंबरावर असतं आणि ती व्यक्ती बाळंतपण, नोकरी, आजारपण यांत अडकली की सगळे अडकतात. समूहाचा स्वतंत्र ईमेल काढा, दुपदरी सुरक्षा (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) चालू करा, बॅकअप कोड छापून दोघांकडे ठेवा. टेलिग्रामवर ग्रुपची मालकी दुसऱ्याला देण्यासाठी दुपदरी सुरक्षा किमान सात दिवस आधी चालू असावी लागते. ती आजच रात्री चालू करा, गरज पडेल त्या दिवशी सात दिवस हातात नसतील.